गच्चीवरची बोट

काकांनी माझं नाव विचारण्याआधी उंची विचारली. बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यातल्या त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घ्यायला मी गेले होते. इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती आणि जळगावहून रोज ये-जा करून जीव मेटाकुटीला आला होता. "पाच फूट दोन इंच," मी चाचरत म्हणाले. काकांनी खिशातून टेप काढली, खाट मोजली, खाटेपासून खिडकीपर्यंतचं अंतर मोजलं, दरवाजाही मोजला आणि टेप गुंडाळत म्हणाले, "बसता तुम्ही. घ्या खोली." भाड्याचा विषय काकींनी काढला, तोही चहा देता देता.

काका निवृत्त पटवारी. खकनारच्या बाजूच्या गावांत तीस-बत्तीस वर्षं त्यांनी शेतं मोजली. निवृत्त होताना जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, सरकारजमा केली, पण मोजायची खोड काही सरकारजमा झाली नाही. लग्नाला गेले की दोन पानांमधलं अंतर मोजायचे आणि जेवताना कोपर किती लागेल याचा हिशोब यजमानालाच ऐकवायचे. डॉक्टरकडे गेले की आधी बाकाची लांबी बघायचे आणि त्यावर किती रोगी बसलेत ते बघायचे. मला चौकशी करायची सवय आहे, त्यामुळे एकदा विचारलंच, की यातून मिळतं काय. तर म्हणाले, "मॅडम, माणूस कसा राहून राहिला हे मागून विचारा. आधी किती जागेत राहून राहिला ते पाह्य. निम्मं तिथंच समजून जाते."

ही 'पाह्य' त्यांची लकबच होती. समोर मी असो, काकी असोत की तहसीलदार.

राहायला आल्यावर पहिल्या रविवारी धुणं वाळत घालायला मी गच्चीवर गेले. फरशीवर चुन्याच्या रेघा होत्या. काही सरळ, काही पुढे जाऊन वळलेल्या, मध्ये चौकोन, चौकोनात चौकोन. मला वाटलं, बांधकाम काढायचंय. एका चौकोनात उभी राहून मी ओढणी पिळत होते, तेवढ्यात जिन्यातून काकी ओरडल्या, "अगं पोरी, बाजूला हो! इंजिनावर उभी आहेस तू!"

मी दचकून बाजूला झाले. "आता बर्फात," काकी म्हणाल्या.

ती मासेमारीची बोट होती. गुजरातच्या किनाऱ्यावर चालते तशी, खऱ्या मापाची, पन्नास फूट. काकांची गच्ची अडतीस फुटांची, म्हणून बोटीचं नाक शेजारच्या कापडवाल्यांच्या गच्चीवर गेलं होतं. इतवाऱ्यात गच्च्या एकमेकींना चिकटूनच आहेत, मधली भिंत जेमतेम गुडघ्याएवढी. कापडवाल्यांनी हरकत घेतली नाही, कारण त्यांच्या दोन भावांमधला हद्दीचा तंटा काकांनी कधीकाळी मिटवला होता. पावसाळ्यात रेघा धुऊन जायच्या आणि दसऱ्यानंतर काका गुडघ्यांवर बसून पुन्हा ओढायचे. काकींचे पापड इंजिनावर वाळायचे, कुरडया झोपायच्या फळ्यांवर. "घरात मीठ संपलं तर यांना पत्ता नसतो," काकी म्हणायच्या, "अन् समुद्रात काय चाललंय ते विचारा."

गंमत म्हणजे काकांनी समुद्र पाहिलाच नव्हता. मासा तर घरात वर्ज्य. तापीच्या पुलावरून जातानाही ते खाली बघत नसत, चक्कर येते म्हणत. मग ही बोट कुठून आली? मला काही चैन पडेना.

कुठून आली ते हळूहळू कळलं. खकनारच्या पलीकडच्या डोंगरपट्टीतले कितीतरी पुरुष हल्ली पावसाळा ओसरला की बोटींवर जातात. ज्यांच्या गावच्या नदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसतं, ते आठ-आठ महिने समुद्रात. मुकादम येतो, गाडी भरतो, बंदरावर नेतो. त्यातला कोणी परतला आणि बुऱ्हाणपुरात दिसला की काका त्याला घरी घेऊन यायचे. बसस्टँडवर त्यांची माणसं होती, ती खबर द्यायची. पाहुण्याला आधी मावा जलेबी, मग चहा, मग गच्ची.

त्यांची विचारण्याची तऱ्हा अजब होती. "त्रास होतो का?" असं ते कधी विचारायचे नाहीत. ते म्हणायचे, तसं विचारलं तर माणूस 'नाही साहेब' म्हणतो आणि विषय संपतो. ते म्हणायचे, "झोपतो कुठं, तिथं उभा राह्य." मग तो खलाशी चप्पल काढून रेघांमध्ये उभा राहायचा. "आता झोप." तो लाजत आडवा व्हायचा. काका टेप लावायचे. "पाय कुठं गेले? दुसऱ्याच्या डोक्यापाशी? बरं. अन् शौचाला कुठं जातो? जाऊन दाखव." तो मागच्या टोकाला जाऊन, नसलेला दोर धरून बाहेरच्या बाजूला बसायचा. आम्ही सगळे तिकडे बघायचो आणि मग कोणीच बघायचं नाही.

अशी ती बोट एकेका माणसाकडून भरत गेली. माणसं आठ, फळ्या चार, रुंदी पावणेदोन फूट. चौघं पडणार तेव्हा चौघं उभे. जाळं तीन-तीन तासांनी ओढायचं, त्यामुळे सलग झोप कोणालाच नाही. गोडं पाणी प्यायला, अंघोळ खाऱ्या पाण्याची. मीठ आणि बर्फ यांमध्ये हात राहिल्याने जखमा महिना-महिना भरत नाहीत, आणि औषधाच्या डब्यात डोकेदुखीच्या गोळ्या. जीवरक्षक जाकिटं आहेत, पण पोत्यात बांधून केबिनच्या छतावर. बंदरात तपासणी असली की पोतं खाली येतं. कागद काही नाही, करार काही नाही, उलट माणसाचं स्वतःचं ओळखीचं कार्डच मालकाकडे ठेवून घेतात. आणि बोटीचा कठडा किती उंच? हा प्रश्न काका प्रत्येकाला विचारायचे, दोन-दोनदा विचारायचे. प्रत्येक जण हात गुडघ्यापाशी नेऊन दाखवायचा.

"हे सगळं कशासाठी, काका?" मी विचारलं.

"माहीत असावं."

"पण हे वेड लागलं कधी तुम्हाला?"

"दोन पावसाळे झाले," असं म्हणून काका टेप शोधायला लागले. टेप त्यांच्या हातातच होती. काकी मात्र माझ्याकडे न बघता तांदूळ निवडत राहिल्या.

एका सकाळी मी त्यांच्याबरोबर तापीच्या राजघाटावर गेले होते. तिथल्या एका नाववाल्याला ते म्हणाले, "पोहता येणारा माणूस, अंगात स्वेटर, पायात बूट, किती वेळ तगेल?" नाववाला म्हणाला, "इथं? इथं तर काठ आहे ना साहेब." काका म्हणाले, "काठ नसला तर?" नाववाल्याला हसू आलं. काठ नाही म्हणजे काय, हे त्याच्या डोक्यातच येईना. काका पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हा म्हातारा गंमत म्हणून मोजत नाहीये.

मग सुमलीबाई आली.

ती दर महिन्याला येतच असे म्हणे, पण शाळेमुळे माझी गाठ पडली नव्हती. तिशी-पस्तिशीची, उंच, बोलताना पदर दातात धरायची. खकनारहून बसने यायची आणि पायरीवर बसायची, घरात बसायची नाही. तिचा नवरा नानसिंग बोटीवर गेला होता आणि दोन वर्षं झाली, आला नव्हता. बरोबरचे लोक गावात कुजबुजले, की पहाटे जाळं ओढताना तो पाण्यात गेला, बोट तासभर फिरली आणि मग निघून गेली. पण मुकादम म्हणे, नानसिंग नावाचा माणूस बोटीवर नव्हताच. बंदराच्या यादीत त्याचं नाव नाही. यादीत नाव होतं दितूचं, नानसिंगच्या धाकट्या भावाचं. आणि दितू तर धडधाकट जिवंत.

काकांनी माझ्यासमोरच मुकादमाला फोन लावला होता. तो पलीकडून गोड आवाजात म्हणाला, "साहब, हमारे कागज में छोटा भाई है। छोटा जिंदा है, सलामत है। पहचान की चिट्ठी भी है हमारे पास। अब बडा किधर भाग गया, हम क्या जानें?" चिठ्ठीचा शब्द ऐकून काकांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, रागाने.

आणि दितू काय म्हणत होता? दितू म्हणत होता, हो, बोटीवर मीच होतो, भाऊ बंदरावरूनच कुठं तरी निघून गेला. त्या काळात दितू गावात नव्हता हे खरंच होतं. सुरतेला बांधकामावर होता, पण ते सांगणारं कोणी नव्हतं. बोटीवरचे इतर लोक पुढच्या हंगामात त्याच मुकादमाच्या गाडीत बसणार होते, ते कशाला तोंड उघडतील?

प्रेत नाही, पंचनामा नाही, त्यामुळे मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून भरपाई नाही, विधवा म्हणून काही नाही. पण सुमलीबाई पायरीवर बसून सांगायची ते वेगळंच. "लोक म्हणून राहिले, दुसरी बाई ठेवली त्यानं. माझी सासू बी तेच म्हणते. साहेब, तो मेला तर मेला म्हणा ना. पळाला कसाले म्हणता?"

तिला एवढंच हवं होतं. नवरा कामावर मेला, हे कोणीतरी कागदावर लिहावं.

थंडीतल्या एका रविवारी दुपारी काकांनी दितूला बोलावलं. गेंदालालही आला. हा त्याच बोटीवर होता, पण आता बोट कायमची सोडून केळीच्या गाड्या भरायला लागला होता, त्यामुळे मुकादमाला भीत नव्हता. त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे काकांनी त्याला आधीच सांगितलं होतं. सुमलीबाई पहिल्यांदाच जिना चढून वर आली आणि टाकीला टेकून उभी राहिली. काकींनी पापड उचलून घेतले.

दितू पंचविशीचा, सडपातळ. चप्पल न काढताच तो रेघांकडे बघत उभा होता.

"किती महिने होता बोटीवर?" काकांनी विचारलं.

"आठ."

"मग ही बोट तुझीच आहे. चढ."

दितू कठड्याची रेघ ओलांडून आत आला. गेंदालाल ओलांडताना पाय वर उचलून आला होता. दितू नुसता चालत आला. काका त्यांच्या पायांकडेच बघत होते.

"पाणी पिऊन ये."

दितू इकडे-तिकडे बघून पुढच्या टोकाकडे गेला. पाण्याची पिंपं मागे होती.

"जाळं कुठून ओढतो?"

तो केबिनच्या आत उभा राहिला आणि तिथून हात हलवले. गेंदालालने मान खाली घातली. मला खरं सांगायचं तर त्या पोराची कीव यायला लागली होती. फळ्यासमोर उभ्या केलेल्या, धडा न वाचलेल्या मुलासारखा घाम फुटला होता त्याला, थंडी असून.

"बरं. झोपतो कुठं?"

दितू एका मोठ्या चौकोनात जाऊन आडवा झाला. ऐसपैस, हातपाय पसरून.

"तिथं तर इंजिन आहे रे," गेंदालाल हळूच म्हणाला. मग तो स्वतः उठला आणि केबिनच्या मागे, कठड्याच्या रेघेला लागून असलेल्या एका पट्टीपाशी गेला. "नानसिंग इथं झोपे. उंच होता ना, पाय बसत नव्हते त्याचे. गुडघे पोटाशी घेऊन झोपे."

सुमलीबाई टाकीपासून निघाली. कोणालाही न विचारता रेघा ओलांडत आली आणि त्या पट्टीत बसली. मग कुशीवर झाली. तिने गुडघे पोटाशी घेतले, पदर तोंडावर ओढला आणि तशीच पडून राहिली. तिच्या बाजूला कठड्याची ती रेघ, आणि रेघेपलीकडे काकींची तुळस.

दितू उठून बसला. भावजयीकडे बघता बघता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो भडाभडा बोलायला लागला. मुकादमाने सांगितलं होतं, कार्ड दुसऱ्याला दिलं हे कळलं तर जेल होईल. म्हणून बोललो. मी नव्हतो बोटीवर, मी समुद्र पाहिलाच नाही. आधीच्या हंगामात दोर ओढून भावाच्या बोटांचे ठसे गेले होते, मशीन त्याला ओळखत नव्हती, त्याचं कार्ड अडकलं होतं. म्हणून माझं नेलं. बोलता बोलता तो थांबला. काकांकडे वळला.

"पण काका, माझं कार्ड न्या असं तुम्हीच तर सांगितलं होतं ना त्याले? चिठ्ठी बी तुम्हीच लिहून दिली. हा दितूच आहे, मी ओळखतो म्हणून."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. सुमलीबाई उठून बसली होती.

काका म्हणाले, "हो. मीच सांगितलं."

त्यांनी टेप खाली ठेवली आणि ते भिंतीपाशी बसले. एरवी पाठ ताठ ठेवून बसणारा माणूस, आता हनुवटी छातीला लागली होती. जे बोलले ते आमच्यातल्या कोणाशी बोलले कोण जाणे. "बत्तीस वर्षं सामाईक खाती पाहिली. दोन भाऊ, एक शेत. मोठा नसला तर धाकट्याची सही घेतली, धाकटा नसला तर मोठ्याचा अंगठा. कधी काही बिघडलं नाही. शेत कुठं जात नाही, भाऊ कुठं जात नाही. मले वाटलं, जमिनीवर चालते ते पाण्यावर बी चालेल. चेहरा तर सारखाच होता दोघांचा."

पटवाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी अशी चूक केली नसती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. पण त्याहून जास्त राग मला दुसऱ्या गोष्टीचा आला. दोन वर्षं ही बाई दर महिन्याला त्यांच्या पायरीवर येऊन बसत होती आणि खरं काय ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक वाक्य बोलायचं, ते बोलायला नको म्हणून या माणसाने पन्नास फुटांची बोट ओढली. कठडा मोजला, फळ्या मोजल्या, राजघाटावर जाऊन बुडायला किती वेळ लागतो ते विचारलं. इतका पुरावा जमवायचा, की आपली चिठ्ठी कोणी बघूच नये. त्या दिवशी दितूला त्यांनी पकडायला बोलावलं होतं की स्वतः पकडलं जावं म्हणून, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. मी त्यांना विचारलं नाही. माझ्यासारख्या चौकस बाईने विचारलं नाही, यातच काय ते आलं.

अर्ज त्यांनी तिथेच, गच्चीवर बसून लिहिला. पटवाऱ्याचं वळणदार अक्षर. पहिला परिच्छेद स्वतःबद्दल होता: खोटी ओळखचिठ्ठी मी दिली, कोणाच्या दबावाखाली दिली नाही, त्याला मी जबाबदार आहे. मग दितूचं म्हणणं, मग गेंदालालचं. शेवटी बोटीचं माप.

"पेन्शन थांबवतील हो," काकी म्हणाल्या.

काका लिहीतच राहिले. काकींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग खाली गेल्या आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड घेऊन वर आल्या.

पुढे जे व्हायचं ते झालं. खकनारच्या तहसिलीत, जिथे एकेकाळी लोक त्यांची वाट बघत बसायचे, तिथे ते बाकावर तीन दिवस बसले. नव्या बाबूने ओळख दाखवली नाही. नोटीस आली, तिची चौकशी अजून चालू आहे. बंदरावर जबाब द्यायला चौघं मिळून गेले: काका, सुमलीबाई, दितू, गेंदालाल. दोन हंगामांनंतर का होईना, पंचनामा झाला. गेंदालाल बोलला म्हटल्यावर बोटीवरचे आणखी दोघे बोलले. मुकादम फोन उचलेनासा झाला.

परत आले तेव्हा मी विचारलं, "समुद्र कसा वाटला, काका?"

"त्याच्याकडे काय पाहायचं?" ते म्हणाले. "बोट पाहिली. मालकानं चढू दिलं. एक्कावन्न फूट आहे. एक फूट चुकलो होतो." मग म्हणाले, "फळी पावणेदोन नाही. दीड आहे." त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

दाखला यायला पुढचा उन्हाळा उजाडला. सुमलीबाई तो घेऊन आली. या वेळी ती पायरीवर बसली नाही आणि घरातही आली नाही, अंगणात उभी राहिली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून तिने काकांपुढे धरला.

"वाचून दाखवा."

काकांनी चष्मा लावला. नाव वाचलं: नानसिंग. बापाचं नाव वाचलं. गाव वाचलं. मृत्यूचं ठिकाण, समुद्रात, मासेमारीच्या कामावर असताना. ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती. संपल्यावर म्हणाली, "नाव बरोबर आहे ना? त्याचंच आहे ना?"

"त्याचंच आहे."

तिने कागद परत घेतला, घडी न घालता पिशवीत सरकवला. काकी पाणी घेऊन आल्या होत्या, ते तिने घेतलं नाही.

"काका, कागद तर तुमाले चांगला लिहिता येते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तवा बी असाच लिहायचा होता."

काका म्हणाले, "हो."

ती खकनारच्या बसला निघून गेली. त्यानंतर ती आमच्याकडे कधी आली नाही.